मागचा भोंगा

थंड्याला सगळे थंड्या म्हणायचे ते तो बर्फ विकायचा म्हणून नव्हे. बर्फ विकणारे कारखान्यावर आणखीही होते. पण याचं डोकं क्षणात तापायचं, आणि बर्फाच्या लाद्यांमध्ये उभा राहून हा माणूस घाम फुटेस्तोवर भांडायचा. ते बघून वॉचमनने एकदा गमतीत हे नाव ठेवलं आणि ते कायमचं चिकटलं. बायको तेवढी "अहो" म्हणायची, पण चिडली की तीही आतून म्हणायची, "आले का आमचे थंडगार साहेब?"

त्याची सगळी मिजास एका पिकअपवर होती. उजाडायच्या आत कारखान्यावर जायचं, लाद्या भरायच्या, वर भुसा पसरायचा, गोणपाट टाकून दोऱ्या आवळायच्या आणि डोंगर ओलांडून पलीकडच्या शहरात मासळीवाल्यांना, रसवाल्यांना बर्फ पोचवायचा. दुपारी तीच गाडी कुणाचं कपाट हलवायची, संध्याकाळी तीच बायकोला बाजारात न्यायची. एक दिवस गाडी उभी राहिली तर घर उभं राहायचं नाही, असा सगळा मामला.

पलीकडच्या शहराला जायला रस्ते दोन. मोठा रस्ता डोंगराला वळसा घालून जायचा. लांबलचक, सपाट, सगळं जग त्यावरून जायचं. दुसरी जुनी खिंडीची वाट. अरुंद, कडा खचलेला, वळणावर वळण, फोनला रेंज नाही. त्या वाटेला शहाणा माणूस फिरकत नसे. फक्त बर्फवाले जायचे, कारण बर्फ वितळायला कुणाची परवानगी घेत नाही.

खिंडीतून जाणारे बर्फवाले तरी किती? थंड्या, आणि दुसरा भोंगा. भोंगा वयाने मोठा, अंगाने सुटलेला, आणि त्याच्या गाडीचा हॉर्न असा की झोपलेलं मूल दचकून उठावं. खिंडीत या दोघांची एक रीत होती. मागच्याने वळणावर दोनदा हॉर्न द्यायचा, पुढच्याने एकदा उत्तर द्यायचं. उत्तर आलं की सगळं ठीक. नाही आलं तर समजायचं की पुढे काहीतरी झालंय, आणि हातातलं सगळं सोडून त्याला गाठायचं. एकदा थंड्याचं टायर फुटलं तेव्हा भोंग्याने असंच येऊन गाठलं होतं. स्वतःचा जॅक दिला, थंड्याच्या अर्ध्या लाद्या आपल्या गाडीत घेतल्या, आणि त्याच्या गिऱ्हाइकांना आधी पोचवून मग स्वतःच्या गिऱ्हाइकांच्या शिव्या खाल्ल्या. थंड्याने ही गोष्ट घरी कौतुकाने सांगितली होती. बायकोच्या ती पक्की लक्षात राहिली.

आता मूळ मुद्द्यावर येतो. थंड्याची बायको पोटुशी होती. आधीचं एक मूल हातात येऊन गेलेलं, त्यामुळे या खेपेला घरात मोठ्याने कुणी हसतसुद्धा नव्हतं. त्यात पलीकडच्या शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, "वार खाली आली आहे, बाळाच्या वाटेवरच. रक्त दिसलं की थांबायचं नाही. दुखायला लागण्याची वाट बघायची नाही. आहे त्या कपड्यांनिशी उचलायचं आणि इथे आणायचं. उशीर झाला तर मी दोघांपैकी कुणाचीच खात्री देणार नाही."

दोघांपैकी कुणाचीच. हे शब्द थंड्याच्या डोक्यात असे रुतले की लाद्या मोजतानाही तो मध्येच चुकायचा. आणि त्याच आठवड्यात भोंग्याने नवी पिकअप आणली. चढावर थंड्याची गाडी धापा टाकत होती आणि भोंगा हॉर्न देत, हात हलवत, बाजूने भुर्रकन निघून गेला. थंड्याला ते भलतंच लागलं. खरं सांगायचं तर त्या दिवशी गॅरेजकडे वळताना त्याच्या मनात निम्मी बायको होती आणि निम्मा भोंगा. पण विचारलं असतं तर शपथेवर म्हणाला असता, सगळं बायकोसाठीच.

मिस्त्रीने बॉनेट उघडलं, हात पुसले आणि विचारलं, "काय हवंय?"

"चढावर पळायला हवी. हिला घेऊन खिंडीतून जायची वेळ आली तर मध्येच दम लागता कामा नये."

"मग दोन कामं आहेत. एक, टर्बो मोठा बसवायचा आणि इंजिनाचा कॉम्प्युटर नव्याने सेट करायचा. जास्त हवा, जास्त डिझेल, गाडी उडेल. दुसरं, रेडिएटर मोठा, पंखा नवा, पाण्याचे सगळे पाइप नवे. हे दिसायला काहीच नाही, पण इंजिन थंड राहील."

"पहिलं करा."

"अरे लेका, ऐक तरी. जास्त डिझेल म्हणजे आत जास्त आग. आग वाढवायची तर आधी पाणी वाढव. दोन्ही एकदम कर, आठवडाभर गाडी सोड माझ्याकडे. रेडिएटर बाहेरून मागवावा लागेल."

"आठवडाभर?" थंड्याचा आवाज चढला. "आणि नेमकं त्याच आठवड्यात हिला रक्त दिसलं तर? तुमच्या खांद्यावर टाकून नेऊ?"

थंड्याचं बोलणं चूक नव्हतंच. मिस्त्री बॉनेट खाली घेत म्हणाला, "मग आधी रेडिएटर मागवतो. आला की एका दुपारात बसवतो. टर्बोचं नंतर बघू. सावकाश जाईल, पण जाईल."

सावकाश! हा शब्द थंड्याला सोसवेना. डॉक्टरीणबाई म्हणतात उशीर करू नका, आणि हे म्हणतात सावकाश. "टर्बो आत्ता बसवा. रेडिएटर मूल झाल्यावर," त्याने सांगून टाकलं. मिस्त्रीने खांदे उडवले. गाडी दोन दिवसांत तयार झाली.

आणि गाडी झाली तरी कशी! पाय ठेवायचा अवकाश, मागून कुणी ढकलल्यासारखी सुटायची. चढावर टर्बोची अशी शिट्टी घुमायची की थंड्या एकटाच कॅबिनमध्ये हसत सुटायचा. पहिल्याच सकाळी त्याने भोंग्याला वळणावर मागे टाकलं. मागून दोनदा हॉर्न आला. थंड्याने उत्तर दिलं नाही. कशाला द्यायचं? बसू दे बोंबलत. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. भोंगा मागून जिवाच्या आकांताने गाडी दामटत यायचा आणि शहरात पोचून बघतो तर थंड्या मासळीबाजाराच्या तोंडाशी चहा पीत उभा.

"काय भोंगाशेठ, फार घाम आलाय?"

भोंगा नुसता त्याच्या गाडीभोवती फिरून चारी चाकं बघायचा, मग आपल्या लाद्या उतरवायला जायचा. थंड्याला वाटायचं, जळतोय.

खिंडीच्या तोंडाशी पोचेपर्यंत इंजिनाच्या तापमानाचा काटा मात्र लाल रेघेला टेकायला लागला. पहिल्यांदा टेकला तेव्हा थंड्या घाबरला. पण मग त्याने मागे पाहिलं आणि त्याला हसूच आलं. गाडीला ताप चढलाय आणि गाडीत काय, तर बर्फ! औषध घरचंच. त्याने टोच्याने लादीचा एक मोठा तुकडा फोडला, गोणपाटात गुंडाळला आणि रेडिएटरवर ठेवला. चर्रर आवाज झाला, वाफेचा लोट उठला. मग फडक्याने झाकण सैल केलं, आतली वाफ जाऊ दिली, आणि लाद्यांखाली साठलेलं बर्फाचं पाणी डब्याने थेट आत ओतलं. काटा झपझप खाली आला. थंड्या स्वतःवर एवढा खूश झाला की त्याने गाडीची पाठ थोपटली.

तापलेल्या काचेच्या पेल्यात गार पाणी ओतलं तर काय होतं, हे शेंबडं पोरही सांगेल. थंड्यालाही माहीत होतं. पण हा पेला नव्हता, ही त्याची गाडी होती, आणि बर्फ हा त्याच्या घरातला माणूस होता. बर्फाने कधी कुणाचं वाईट केलंय? दुसऱ्या कुठल्या ड्रायव्हरला हे सुचलं नसतं, कारण दुसऱ्या कुणाकडे पहाटेच्या वेळी गाडीभर बर्फ नसतो. रोज खिंडीच्या तोंडाशी थांबायचं, गाडीला बर्फ पाजायचा आणि उताराला लागायचं, हा नेमच होऊन बसला. मिस्त्रीला त्याने सांगितलं नाही. उगाच कटकट कोण ऐकणार?

मग एक दिवस कारखान्यावर लाद्या भरताना भोंगा जवळ आला. हातातला हूक त्याने खाली ठेवला.

"थंड्या, उद्यापासून मी खिंडीत येत नाही. खालच्या अंगाची गिऱ्हाइकं धरली आहेत. पलीकडची तूच सांभाळ."

थंड्याच्या मनात उकळ्या फुटल्या, पण वरकरणी म्हणाला, "अहो, एवढं काय मनावर घेता? शर्यतीत मागे-पुढे चालायचंच."

"शर्यत?" भोंगा त्याच्याकडे बघतच राहिला. "शर्यत कोण लावत होतं? मी हॉर्न देतो, तू उत्तर देत नाहीस. प्रत्येक वळणावर काच खाली करून कान देतो. वाटतं, गेला हा दरीत. तुझ्या मागे जीव खाऊन गाडी पळवतो, दरीत डोकावत येतो, आणि तू तिकडे चहा पितोस. या वयात मला हे झेपत नाही रे. तुझी बायको सुखरूप सुटू दे, बस्स." हूक उचलून तो निघून गेला.

थंड्याला वाईट वाटलं का? वाटलं. थोडं. तेवढ्यापुरतं. संध्याकाळपर्यंत फक्त खिंड आपली झाली एवढंच उरलं. घरी बायकोने विचारलं, "काय म्हणतो भोंगा?" तर हा मिशीवर हात फिरवत म्हणाला, "काय म्हणणार? आता रोज मागेच असतो!" भोंगा येतच नाही हे तो बोलला नाही. तसं सांगितलं असतं तर तिने का म्हणून विचारलं असतं, आणि मग सगळंच सांगावं लागलं असतं.

पुढच्या दिवसांत गाडी सकाळी सुरू करताना मागून पांढरा धूर सोडायला लागली. रेडिएटरमधलं पाणी कुठे जातंय ते कळेना. जमिनीवर थेंब नाही आणि रोज भरावं तर लागतंय. बायको दारात उभी राहून म्हणाली, "अहो, ही अशी वाफा का टाकते?"

"बर्फाची गाडी आहे, वाफच टाकणार. निखारे टाकेल का?"

ती हसली नाही. पोटावर हात ठेवून धूर विरेपर्यंत बघत राहिली.

तिची आई बाळंतपणासाठी येऊन राहिली होती. ती शहाणी बाई. तिने जावयाला अडवून सांगितलं, "जावईबापू, काहीतरी बिघडलंय. दाखवून तरी घ्या." सासूचा शब्द मोडायला नको म्हणून तो मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीने ऑइलचं झाकण उघडलं. आतून कॉफीच्या रंगाची चिकट साय चिकटली होती. त्याने ती बोटावर घेऊन थंड्याच्या नाकासमोर धरली.

"हे काय आहे माहिती आहे? तेलात पाणी. इंजिनाचं हेड तडकलंय. तू हिच्यात गार पाणी ओततोस का?"

थंड्या खाली वाकून चाक बघायला लागला.

"किती दिवस?"

थंड्या बोटांवर मोजायला लागला. मिस्त्रीने कपाळाला हात लावला. "गाडी आत्ताच्या आत्ता उभी कर."

"बाळंतपण होऊ द्या. दिवस भरत आलेत. आत्ता उभी केली तर तिला नेऊ कशातून?"

"मग निदान चढावर घालू नकोस. मोठ्या रस्त्याने, सपाटीवरून, हळू. पोचवेल ती. पण चढ आता तिला सोसायचा नाही. सांगून ठेवतो."

थंड्याने मान हलवली, आणि दोन दिवस खरोखरच मोठ्या रस्त्याने गेला. लाद्या निम्म्या वितळल्या. गिऱ्हाइकांनी तोंड सोडलं. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा खिंडीतून गेला आणि गाडी व्यवस्थित पोचली. बघा, मिस्त्री उगाच घाबरवतो. त्यानंतर तो रोज खिंडीतूनच जायला लागला.

तो दिवस उजाडला तेव्हा लाद्या भरून, दोऱ्या आवळून गाडी दारात उभी होती. काहीतरी विसरलं म्हणून तो कारखान्यावरून घरी आला होता. आतून सासूची हाक आली, आणि ती हाक ऐकताच त्याला कळलं. बायको मोरीच्या उंबऱ्यावर भिंतीला धरून उभी होती. तिच्या पायाशी लाल होतं.

"काही नाही," ती म्हणाली. "दुखत नाहीये. काही नाही." पण तिचे ओठ पांढरे पडले होते.

दोघांनी तिला उचलून कॅबिनमध्ये आडवं केलं. पाय वर घ्यायचे तर तिघांना जागा पुरेना. सासू म्हणाली, "तुम्ही निघा. मी कुणाची तरी गाडी बघते आणि येते. पण जावईबापू, मोठ्या रस्त्याने जा. हात जोडते."

"त्याला किती वेळ लागतो माहिती आहे? खिंडीतून निम्म्यात पोचवतो."

"लाद्या तरी उतरवा."

"वेळ कुठे आहे? आणि बर्फ लागेल. असू दे सोबत."

गल्लीच्या टोकाला रस्ता फुटत होता. डावीकडे मोठा रस्ता, उजवीकडे खिंड. थंड्याने क्षणभर ब्रेक लावला. मिस्त्रीचा आवाज त्याला ऐकू आला, अगदी शेजारी बसल्यासारखा. मग बायको हळूच कण्हली आणि त्याने उजवीकडे वळवलं.

सुरुवातीला गाडी अशी निघाली की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. शिट्टी घुमत होती, वळणं मागे पडत होती, आणि तो एक हात तिच्या कपाळावर ठेवून म्हणत होता, "आलोच. हे बघ, आलोच." काटा लाल रेघेला लागला. त्याने बघितला नाही. रेघ ओलांडली. तेही त्याने बघितलं नाही. खिंडीचं तोंड समोर दिसायला लागलं. तेवढं एक वळण, की पुढे सगळा उतार, न्यूट्रलमध्ये टाकली तरी हॉस्पिटलच्या दारात गेली असती. आणि तिथे शिट्टी थांबली. आतून हातोडा मारल्यासारखा एक ठणका आला, बॉनेटखालून पांढरी वाफ उसळली आणि स्टिअरिंग त्याच्या हातात दगड होऊन बसलं.

हँडब्रेक ओढून तो खाली उडी मारून उतरला. चाकामागे दगड लावला. बॉनेट उघडून त्याने, दुसरं काही सुचेना म्हणून, बर्फ आणला. दोन्ही हातांनी ओंजळी भरभरून इंजिनावर टाकला. टाकत राहिला. कुठेतरी आत लोखंड टणकन वाजलं. किल्ली फिरवली तर स्टार्टरने नुसतं खट् केलं. मग दोऱ्या सोडून त्याने लाद्या खाली लोटल्या आणि ढकलून बघितलं, खांदा लावून, ओरडून, देवाला आणि मिस्त्रीला आणि स्वतःला शिव्या देऊन. गाडी तसूभर हलली नाही. मागे सोडावी तर खाली वळण, आणि वळणापलीकडे दरी. फोन उंच धरला, दगडावर चढून धरला. रेंज नाही ती नाहीच. तिला उचलून चालत न्यायचं म्हणून त्याने दार उघडलं, तर सीटवरून रक्त पायरीवर ठिबकत होतं. हलवलं तर काय होईल या भीतीने त्याचे हात तिच्यापर्यंत जाऊन थांबले.

"काय झालं?" तिने विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"काही नाही. तापलीय जरा."

ती थोडा वेळ डोळे मिटून पडली. मग उघडून त्याच्याकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. त्याचीच थंड्याला सगळ्यात जास्त भीती वाटली.

"अहो, मग वाजवा ना," ती म्हणाली. "तुम्हीच सांगितलंत ना. तो रोज मागेच असतो. ऐकलं की येईल. मागे टायर फुटलं तेव्हा आला होता की."

थंड्याने मागे बघितलं. उतारावर लाद्या विखुरल्या होत्या आणि त्यांच्यापासून ओघळणारं पाणी रिकाम्या रस्त्यावरून खाली जात होतं. भोंगा या वेळी डोंगराच्या खालच्या अंगाला कुणाच्या तरी दारात लाद्या उतरवत असणार. सासू आली तरी मोठ्या रस्त्यानेच येणार. या वाटेने आज कुणी येणार नव्हतं. उद्याही नाही.

"हो," तो म्हणाला. "मागेच आहे तो."

आत हात घालून त्याने हॉर्न दाबला, दोनदा. बॅटरी चालू होती, आवाज चांगला मोठा निघाला. दरीपलीकडच्या कड्यावर जाऊन तो आपटला आणि जरा वेळाने, बारीक होऊन, परत आला.

तिने त्याचा हात धरला. तिचा हात बर्फासारखा गार होता, आणि ती हसली.

"दिलं बघा उत्तर," ती म्हणाली. "आता येईलच."

थंड्याने पुन्हा हॉर्न दाबला.